नियतकालिकाच्या मुखपृष्ठाची संगणकीय पुनर्निर्मिती : पाठचिकित्सेच्या दृष्टीने काही विचार

सोलापूरहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावर वळसंग हे दक्षिण सोलापूर तालुक्यातील गाव लागते. तेथील दलित वस्तीने स्वतःच्या पाण्यासाठी खोदलेली विहीर आणि तिच्याशी जोडलेली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १९३७ मधील भेटीची स्मृती यांमुळे या गावाला जिल्ह्याच्या सामाजिक इतिहासात स्थान लाभले आहे. आंबेडकर जयंतीच्या सुमारास महाराष्ट्रात गावोगावी जे मोठे छापील फलक उभे राहतात, त्यांपैकी काहींवर ‘मूकनायक’ पत्राचे दर्शनी पान नव्याने रचून छापलेले असते. २०२० साली ‘मूकनायक’ची शताब्दी झाली, तेव्हापासून ही प्रथा अधिक दिसू लागली. वळसंगसारख्या गावी अशा फलकाकडे कोणी निव्वळ सजावट म्हणून पाहत नाही. तो पुरावा म्हणून वाचला जातो. नियतकालिकाचे मुखपृष्ठ छायाचित्र-संपादनाच्या आज्ञावलीने पुन्हा निर्माण करणे हा म्हणूनच केवळ तंत्राचा विषय राहत नाही. वाङ्मयाच्या अभ्यासकालाही त्यात लक्ष घालावे लागते.

प्रथम संज्ञांचा घोळ दूर केला पाहिजे. मूळ पानाचे यंत्राने घेतलेले यथातथ्य चित्र ही ‘प्रतिकृती’. तोच मजकूर नव्या जुळणीने छापणे हे ‘पुनर्मुद्रण’. फाटलेल्या, डागाळलेल्या, अर्धवट पानावरून मूळ पान कसे असेल याचा अंदाज बांधून ते संपूर्ण स्वरूपात उभे करणे ही ‘पुनर्निर्मिती’. जे पान कधी अस्तित्वातच नव्हते ते जुन्यासारखे भासवणे याला मात्र ‘बनावट’ हाच शब्द योग्य होय. संगणकाच्या पडद्यावर या चारही गोष्टी एकाच साधनाने होतात आणि तयार झाल्यावर एकसारख्या दिसतात. प्रश्न उद्भवतो तो येथे.

हा प्रश्न मराठीला अपरिचित आहे असे म्हणता येणार नाही. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती पाहून तिचा पाठ शुद्ध केला आणि पुढे कोणी त्यात आपल्या पदरची ओवी घालू नये असा इशाराही दिला. विसाव्या शतकात पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तिच्यात डॉ. वि. स. सुखटणकरांनी अवलंबिलेली एक साधी खूण येथे विशेष स्मरणीय आहे. हस्तलिखितांच्या आधारे जो पाठ निश्चित ठरत नसे, त्याच्याखाली ते नागमोडी रेघ देत. संपादकाने अक्षर छापले आहे, परंतु त्याविषयी तो निःशंक नाही, एवढे त्या रेघेवरून वाचकाला कळते. पुनर्निर्मित मुखपृष्ठांवर आज नेमकी हीच नागमोडी रेघ नाही.

‘मूकनायक’चेच उदाहरण घेऊ. या पाक्षिकाचा पहिला अंक ३१ जानेवारी १९२० रोजी मुंबईत निघाला. शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले होते. संपादक म्हणून नाव होते ते पांडुरंग नंदराम भटकर यांचे. आंबेडकर त्या वेळी सिडनहॅम महाविद्यालयात, म्हणजे सरकारी नोकरीत, प्राध्यापक होते. अग्रलेख त्यांच्या लेखणीतून उतरत असले तरी संपादकपदावर त्यांचे नाव नव्हते. दर्शनी पानावर तुकारामांचा अभंग बिरुदासारखा छापलेला असे.

आता नव्याने रचलेल्या पानांकडे पाहावे. त्यांत बहुधा उत्तरायुष्यातील आंबेडकरांचे, चष्मा व कोट असलेले रंगीत छायाचित्र शीर्षकाशेजारी येते आणि ‘संपादक’ या शब्दापुढे त्यांचे नाव झळकते. करणाऱ्याचा हेतू आदराचा असतो, यात संशय नाही. तथापि पहिल्या अंकाच्या दिवशी बाबासाहेबांचे वय अठ्ठावीस वर्षांचे होते. फलकावरची मुद्रा पुढच्या काळातील असते. याहून मोठी हानी नावाच्या बाबतीत होते. मुक्यांचा नायक म्हणवणाऱ्या पत्राच्या खऱ्या लेखकाला स्वतःच्या पत्रावर नाव घालता येत नव्हते, ही गोष्ट त्या पानाच्या अर्थाचाच भाग आहे. नाव घातले की ते मौन पुसले जाते, आणि भटकरांचे नाव तर इतिहासातूनच निघून जाते. मूळ पानावरील ‘उणीव’ भरून काढण्याचा मोह हा पुनर्निर्मितीतील सर्वांत जुना दोष असून हस्तलिखितांच्या नकलाकारांनाही तो चुकलेला नाही.

दुसरा प्रश्न अक्षरांचा. १९२० च्या मराठी मुद्रणात ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘त्यांनीं’ असे अनुस्वार रूढ होते. १९६२ च्या शुद्धलेखनविषयक नियमांनी त्यांपैकी पुष्कळांना रजा दिली. आज संगणकावर मजकूर पुन्हा टंकित करणारा तरुण स्वाभाविकच आजच्या नियमांनी लिहितो आणि बिरुदावरील, वृत्तांवरील अनुस्वार नाहीसे होतात. शिवाय त्या काळी मात्रा, वेलांटी, रफार यांचे वेगळे खिळे जुळवून अक्षर उभे करण्याची पद्धत होती. जुळाऱ्याच्या हाताची लय, एखाद्या सांध्यावरची बारीक फट, कमी-अधिक शाई यांतून पानाला एक चेहरा येई. संगणकीय वळण बसवले की तो चेहरा जाऊन त्या जागी गुळगुळीतपणा येतो. ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणेही कालसापेक्ष आहेत. पाकळीचा ‘ल’ व देठाचा ‘श’ मराठीत वापरावा, असे महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयाने पुन्हा स्पष्ट केले. परंतु बाजारातील अनेक अक्षरसंचांत हिंदी वळण असते. शतकापूर्वीच्या मुंबईतील पत्रावर आलेला दंडयुक्त ‘ल’ हा चुकीचा पाठच मानला पाहिजे. अनेक फलककार फोटोशॉपऐवजी कोरलड्रॉ वापरतात, कारण तेथे जुन्या पद्धतीचे मराठी अक्षरसंच सहज चालतात. फोटोशॉपमध्ये योग्य पर्याय निवडला नसेल तर पहिली वेलांटी व्यंजनाच्या चुकीच्या बाजूस पडते आणि जोडाक्षरे फुटतात. दोष साधनाचा म्हणावा की माहितीच्या अभावाचा, हा वाद येथे बाजूस ठेवणे बरे.

लेखनपद्धती हाच जेथे मजकूर असतो, तेथे हा दोष अधिक जाणवतो. शंकरराव किर्लोस्करांनी (१८९१-१९७५) ‘किर्लोस्कर’ मासिकात सावरकरप्रणीत लिपिसुधारणेला जागा दिली, त्यामुळे त्यात ‘अेक’, ‘अुद्योग’ अशी रूपे छापली जात. ती पाने पुन्हा रचणाऱ्याने ‘एक’, ‘उद्योग’ असे लिहिले तर शब्द तेच राहतील, पण लिपीची एक चळवळ पानावरून पुसली जाईल. शंकरराव स्वतः लाहोरला सातवळेकरांजवळ चित्रकला शिकलेले होते. मासिकाचे बाह्यरूप हा संपादनाचाच भाग आहे, हे अशा संपादकाला सांगावे लागत नव्हते.

चित्रमय मुखपृष्ठांची गोष्ट निराळी आहे. दीनानाथ दलाल (१९१६-१९७१) यांनी १९४५ साली ‘दीपावली’ सुरू केला. त्यांच्या व रघुवीर मुळगावकरांच्या (१९१८-१९७६) मुखपृष्ठांनी मराठी दिवाळी अंकाला डोळ्यांची गोडी लावली. कलावंताने रंगवलेले चित्र तीन वा चार रंगांच्या ब्लॉकांतून कागदावर उतरे. रंग बारीक ठिपक्यांच्या जाळीने छापले जात आणि एखादा ब्लॉक किंचित सरकला तर चेहऱ्याच्या कडेला लाल वा निळी छटा उरे. असे पान स्कॅन केले की ठिपक्यांच्या जाळीवर लाटांसारखी नक्षी उमटते. ती घालवण्यासाठी प्रतिमा प्रथम किंचित धूसर करून नंतर पुन्हा ठळक केली जाते. सरकलेला रंग जागेवर आणला जातो. पिवळा पडलेला कागद पांढरा केला जातो. यातले किती योग्य? येथे मूळ संहिता कोणती हे आधी ठरवावे लागेल. मूळ रंगचित्र हीच संहिता मानली तर ठिपके आणि सरकलेले रंग ही मुद्रणाची अशुद्धे ठरतात. पण वाचकाच्या हाती पडलेले मुखपृष्ठ ही संहिता मानली तर तीच अशुद्धे त्या काळच्या वाचनानुभवाचा अंश होत. नियतकालिकांच्या अभ्यासाला दुसरी भूमिका अधिक मानवते. दलालांच्या चित्राचा संग्राहक आणि ‘दीपावली’चा अभ्यासक यांच्या गरजा एक नाहीत. कागदाचा पिवळेपणा मात्र दोन्ही दृष्टींनी काळाचा आहे, अंकाचा नव्हे. तो काढण्यास हरकत नसावी. अलीकडे उलटच चाल दिसते: नव्या पानाला मुद्दाम चहाचा रंग आणि सुरकुत्या दिल्या जातात, आणि एवढ्यावर ते जुने मानले जाते.

साधनाच्या अंगी या सर्वांवर उपाय आहे, हे लक्षात घेणे अगत्याचे आहे. फोटोशॉप १९९० मध्ये बाजारात आले आणि १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत त्यात ‘थर’ आले, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक पत्र्यांप्रमाणे चित्राचे घटक वेगवेगळे राखण्याची सोय. पाठचिकित्सेला याहून अनुकूल रचना दुसरी नसेल. तळाशी मूळ पानाचे स्पर्श न केलेले चित्र. त्यावर डाग व घड्या काढलेला थर. त्यावर नव्याने टंकिलेली, परंतु दुसऱ्या प्रतीत आधार सापडलेली अक्षरे. आणि सर्वांत वर, वेगळ्या नावाने, निव्वळ अनुमानाने भरलेला भाग. हा वरचा थर काढला की संपादकाला काय ठाऊक नव्हते ते उघडे पडते. २०२३ पासून या आज्ञावलीत फाटलेला कोपरा निवडून तो यंत्राकरवी आपोआप भरून घेण्याची सोयही आली आहे. तो भाग तर कटाक्षाने याच थरात ठेवला पाहिजे, कारण तेथे अनुमान करणारा मनुष्यही नसतो. सुखटणकरांच्या रेघेचे काम फिक्या रंगानेही भागेल: अनुमानित अक्षरे मूळ अक्षरांपेक्षा एक छटा फिकी छापावीत आणि पानाच्या पायथ्याशी तसे नमूद करावे. व्यवहारात मात्र फलक छापायला देताना सर्व थर एकत्र दाबून एकच चित्र केले जाते आणि मूळ धारिका पुढच्या कामासाठी पुसली जाते. ज्ञान हरवते ते त्या क्षणी.

पुन्हा वळसंगकडे यावे. १९३७ साली आंबेडकरांच्या चळवळीचे मुखपत्र होते ‘जनता’, २४ नोव्हेंबर १९३० रोजी सुरू झालेले. विहिरीच्या प्रसंगाचे एखादे छापील पान गावाजवळ असावे, मुलांना ते दाखवता यावे, ही इच्छा समजण्यासारखी आहे. ज्यांच्या पूर्वजांना लेखनवाचनापासूनच दूर ठेवले गेले, त्यांच्या वंशजांना कागद हवा असतो, आणि दप्तरखान्यांनी त्यांच्या कागदांची फारशी काळजी घेतलेली नाही. अशा वेळी कोणी ‘जनता’चे शीर्षक घेऊन, त्याखाली विहिरीचे वृत्त आणि आजचे छायाचित्र बसवून, कागद पिवळा करून एक पान सिद्ध केले, तर ते गावाला तृप्त करील. त्या भागात कित्येक घरांत कन्नड बोलली जाते, मराठी शाळेत भेटते; शतकापूर्वीची लेखनपद्धती कोणी तपासून पाहील अशी अपेक्षाही नाही. परंतु वर केलेल्या भेदाप्रमाणे ही पुनर्निर्मिती नव्हे. आणि तिचा परिणाम उलटा होण्याचा संभव अधिक: अशा पानातील एक खोटे अक्षर दाखवून उद्या कोणी विहिरीचा प्रसंगच संशयास्पद ठरवू शकेल. जी घटना विहिरीच्या दगडांवर आणि वृद्धांच्या स्मरणावर भक्कम उभी आहे, तिला बनावट कागदाचा टेकू देण्याचे कारण नाही.

यापेक्षा सोपे काम हाती आहे. महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली ‘बहिष्कृत भारत’ व ‘मूकनायक’ यांचे लेखन १९९० साली एकत्र प्रसिद्ध केले आहे. ‘मूकनायक’चे पान पुन्हा रचताना अनुस्वार, नावे, दिनांक यांची पडताळणी त्या आवृत्तीवरून आणि उपलब्ध मूळ अंकांवरून करता येते. फलकावर भटकरांचे नाव जसेच्या तसे राहू द्यावे. बाबासाहेबांचे छायाचित्र हवेच असेल तर ते पानाच्या चौकटीबाहेर, स्वतंत्र जागी आणि वर्षासह द्यावे. थरांची मूळ धारिका गावच्या वाचनालयात ठेवावी, म्हणजे पुढच्या एप्रिलमध्ये फलक करणाऱ्याला मागच्या वर्षीच्या फलकाची नक्कल करावी लागणार नाही.