मदतीचा अर्ज

आपल्या खोडदच्या शिवारात मोठमोठ्या तबकड्या उभ्या आहेत. एकेक तबकडी ४५ मीटर रुंद. अशा एकूण ३० तबकड्या. त्यांतल्या १४ खोडदजवळ दाटीने उभ्या आहेत. बाकीच्या १६ तीन दिशांना दूरवर पसरल्या आहेत. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी त्या टिपतात. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनी शाळांची मुले त्या बघायला येतात, हे आपण जाणतोच. पण या तबकड्यांच्या मुळाशी एक अर्ज आहे, हे किती जणांना ठाऊक आहे?

तबकड्या ज्या संस्थेने उभ्या केल्या तिचे नाव टाटा मूलभूत संशोधन संस्था. ही संस्था १९४५ साली निघाली. त्याच्या आदल्या वर्षी, १९४४ च्या मार्च महिन्यात, डॉ. होमी भाभा यांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टला एक पत्र लिहिले. भाभा मोठे शास्त्रज्ञ. शिवाय टाटांच्या नात्यातले. दोराबजींच्या पत्नी या भाभांच्या आत्या. तरी ‘आपलेच लोक आहेत, देतील’ म्हणून ते बसून राहिले नाहीत. त्यांनी रीतसर लिहिले. देशात काय नाही ते सांगितले. काय हवे ते सांगितले. पुढे अणुशक्तीची वीज निघेल, तेव्हा जाणकार माणसे परदेशातून आणावी लागू नयेत, हेही सांगितले. ट्रस्टने मदत दिली. मुंबई सरकारनेही हात दिला. पुढे याच संस्थेत डॉ. गोविंद स्वरूप आले आणि त्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी आपल्या शिवारात ही दुर्बीण उभी केली.

आपली कामे एवढी मोठी नसतात. वस्तीवरचा दिवा, वाचनालयाचे कपाट, बालवाडीचे छप्पर. पण अर्जाची रीत तीच.

पैसा मागायचा कोणाकडे? जत्रेला आपण घरटी वर्गणी काढतो. पंच हिशेब बघतात. पैसे त्याच वर्षी संपतात. आता असे समजा, की पुष्कळ लोकांनी थोडेथोडे पैसे एका ठिकाणी ठेवले, मुद्दलाला हात लावला नाही, आणि दरवर्षी व्याजातून गरजेची कामे केली. याला समाजनिधी म्हणावे. असा पहिला निधी १९१४ साली अमेरिकेत क्लीव्हलंड शहरात फ्रेडरिक गॉफ नावाच्या बँकेतल्या गृहस्थांनी काढला. त्यांचे म्हणणे असे, की मेलेल्या माणसाने लिहून ठेवलेल्या कामालाच पैसा अडकून पडू नये. शहरातल्या चार जाणत्या माणसांनी दरवर्षी गरज बघून तो वाटावा. आपल्याकडे मुंबईत ‘बॉम्बे कम्युनिटी पब्लिक ट्रस्ट’ हा अशाच जातीचा निधी. पण तो मुंबई शहराच्या कामासाठी काढलेला. खोडदचा अर्ज तिकडे धाडून काय उपयोग? म्हणून देणारा कोठल्या भागासाठी आणि कोणत्या कामासाठी देतो, हे आधी वाचावे.

कंपन्यांचाही पैसा असतो. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे मोठ्या कंपन्यांना मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्यातून शेकडा २ रुपये समाजाच्या कामावर खर्चावे लागतात. कारखान्याच्या आसपासच्या भागाला आधी द्यावे, असेही कायदा सांगतो. चाकणला आणि रांजणगावला केवढे कारखाने आहेत! ते आपल्याच जिल्ह्यात आहेत.

आता कागदपत्रे. मंडळाची नोंदणी हवी. ती पुण्याला धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत होते. यासाठी महाराष्ट्रात १९५० चा कायदा आहे. नोंदणी झाली की ज्यांच्या विश्वासावर पैसा ठेवायचा ते विश्वस्त ठरतात. एखादा विश्वस्त वारला किंवा बदलला, तर ९० दिवसांत कळवायचे असते. इथेच पुष्कळ मंडळे फसतात. कागदावर दोन विश्वस्त स्वर्गवासी आणि तिसरे मुंबईला, अशा मंडळाला पैसा कोण देईल? बँकेत खाते मंडळाच्या नावाचे हवे, अध्यक्षांच्या नावाचे नको. दर वर्षाचा हिशेब तपासलेला हवा. आयकर खात्याकडेही नोंद लागते. कंपनीकडून घ्यायचे तर २०२१ पासून केंद्र सरकारकडे आणखी एक नोंद करावी लागते. परदेशी माणसाचा पैसा तर केंद्र सरकारची परवानगी असल्याशिवाय घेऊच नये. गावचा मुलगा अमेरिकेत आहे पण अजून भारताचा नागरिक आहे, त्याची गोष्ट वेगळी. त्याने तिकडचे नागरिकत्व घेतले, की कायद्याने त्याचा पैसा परदेशी ठरतो. मग तो खोडदचा का असेना.

‘मदत मिळवून देतो, शेकडा इतके द्या’ म्हणणारे एजंटही भेटतील. त्यांना चहा पाजावा आणि वाटेला लावावे.

आता आमचीच एक फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही मंडळी मुलांसाठी अभ्यासिका बांधायला निघालो. अर्ज आम्हीच लिहिला. शाळेत जन्म गेला, तेव्हा भाषेला काय तोटा! शिवनेरीचा तालुका, थोर परंपरा, होतकरू विद्यार्थी, असे दोन पाने लिहिले. शेवटी एक ओळ : ‘इमारतीसाठी १० लाख रुपये मिळावेत.’ अर्ज एका निधीला धाडला. महिन्याने उत्तर आले. त्यात ना होकार, ना नकार. फक्त तीन प्रश्न. किती मुले येणार? रात्री घरी कशी जाणार? विजेचे बिल कोण भरणार?

आम्हांला राग आला. शहरात बसून हे आम्हांला विचारतात! चार दिवस पत्र तसेच पडले. मग वाटले, उत्तर तर द्यायला हवे. वही घेऊन आम्ही घरोघर फिरलो. आठवी ते दहावीची ३१ मुले निघाली. त्यांतली १९ उसातल्या दोन वस्त्यांवर राहणारी. एका माउलीने आम्हांला ओट्यावर बसवले आणि म्हणाली, “गुरुजी, तुम्ही गावात हॉल बांधाल. पण दिवस मावळल्यावर माझी पोरगी तिथवर यायची कशी? उसात बिबट्या आहे. मी नाही धाडायची.”

आम्ही गप्प झालो. बिबट्या आम्हांला का ठाऊक नव्हता? सारा जुन्नर तालुका त्याला ओळखतो. पण अर्ज लिहिताना तो आठवला नाही. ज्यांच्यासाठी मागत होतो त्यांनाच आम्ही विचारले नव्हते. इमारत झाली असती, पाटी लागली असती, आणि १९ मुले घरीच राहिली असती.

मग बेत बदलला. मुलांना गावात आणायचे नाही, अभ्यासाची जागा वस्तीवर न्यायची. दोन घरांनी एकेक खोली देऊ केली. तोंडी नाही, सहीनिशी लिहून दिली. नवा अर्ज एका पानाचा झाला. त्यातला मुख्य मजकूर असा :

‘आमच्या दोन वस्त्यांवर आठवी ते दहावीची १९ मुले आहेत. त्यांत ११ मुली. बिबट्याच्या भीतीने संध्याकाळी ती गावात येऊ शकत नाहीत. दोन घरांनी खोल्या दिल्या आहेत. संमतीपत्रे सोबत जोडली आहेत. खर्च असा : वाटेवर सूर्यदिवे ६, रुपये ७२,०००. बसायची बाके २०, रुपये ३०,०००. पुस्तके, रुपये १८,०००. वीजजोडणी व पंखे, रुपये २०,०००. एकूण रुपये १,४०,०००. यात गावाचा वाटा रुपये २५,०००. आपणांकडे मागणी रुपये १,१५,०००. विजेचे बिल पालक दरमहा वर्गणी काढून भरतील. मुलांना ने-आण करण्याची पाळी पालकांनी लावून घेतली आहे.’

पाहा, यात ‘होतकरू’ हा शब्द नाही. पण वाचणाऱ्याला वस्ती दिसते, वाट दिसते, अंधार दिसतो. देणारा माणूस आपल्या गावी आलेला नसतो. त्याला अर्जातूनच गाव बघायचे असते. आकडे सांगताना मात्र फुगवू नयेत. १९ मुलांची ४० केली तर पाहणीला आलेला माणूस मोजतोच. आणि गावाचा वाटा जरूर लिहावा, मग तो अंगमेहनतीचा का असेना. ज्या कामावर गावानेच पैसा टाकला नाही, त्यावर परका कशापायी टाकील?

हल्ली बरेच अर्ज संगणकावर भरतात. मजकूर आधी कागदावर लिहावा, चौघांना वाचून दाखवावा, मग भरावा. एक प्रत आपल्या फायलीत ठेवावी. शेवटच्या दिवसाची वाट बघू नये. त्या दिवशी वीज जाते, हा आमचा अनुभव!

आम्हांला पैसे मिळाले. खरे काम तिथून पुढे होते. प्रत्येक पावती आम्ही वहीत चिकटवली. एक बाक मोडके आले, ते बदलून घेतले आणि तेही लिहून ठेवले. सहा महिन्यांनी हिशेब धाडला. सोबत खोल्यांचे फोटो आणि हजेरीची नक्कल. हजेरीत दोन मुले गळलेली होती. एकाने म्हटले, “गुरुजी, हे कशाला दाखवता?” आम्ही ते दाखवले. दोघे का येत नाहीत तेही लिहिले : एक उसतोडीला जाणाऱ्या आईबापांबरोबर गेला, एकीचे शाळा सोडून लग्न ठरत होते.

दिवे ठरल्यापेक्षा स्वस्त मिळाले. ३,४०० रुपये उरले. ते परत धाडू की कसे, असे आम्ही पत्राने विचारले. उत्तर आठ दिवसांत आले. त्या पैशांची पुस्तके घ्या, असे त्यात होते, आणि खाली एक प्रश्न : लग्न ठरत होते त्या मुलीचे काय झाले? आम्ही त्याच संध्याकाळी तिच्या घरी गेलो.