शाळेची समाजमाध्यमे आणि सशुल्क साधने

शाळेने आपले वर्तमान गावास कळवावे, ही प्रथा जुनी आहे. दवंडी, फळ्यावरील सूचना आणि पालकसभा ही पूर्वीची साधने होत. आज त्यांत व्हॉट्सॲपचा पालकगट, फेसबुकचे पान व यूट्यूबची वाहिनी यांची भर पडली आहे. ही माध्यमे एकाच ठिकाणाहून सांभाळता यावीत म्हणून काही कंपन्या वर्गणी घेऊन एक सोय पुरवितात. मजकूर एकदा लिहून ठेवला, की तो ठरल्या वेळी अनेक माध्यमांवर आपोआप प्रसिद्ध होतो आणि किती जणांनी तो पाहिला याचा तक्ताही मिळतो. २००८ साली कॅनडात निघालेले हूटसूट आणि २०१० साली निघालेले बफर ही ह्या जातीची परिचित साधने होत. प्राथमिक शाळेने त्यांवर पैसा खर्चावा काय, याचा विचार येथे करावयाचा आहे.

१. गरज कोणती?

सारोळ्यासारखे गाव डोळ्यांपुढे आणावे. गाव पुणे-सातारा महामार्गावर, नीरा नदीच्या काठी आहे. नदीपलीकडे सातारा जिल्ह्यातील शिरवळ व तेथील कारखाने आहेत. अशा गावातील पालक सकाळीच कामावर किंवा शेतावर गेलेला असतो. त्यास शाळेकडून तीन प्रकारचे संदेश हवे असतात. पहिला निकडीचा, जसे अतिवृष्टीमुळे सुट्टी. दुसरा नित्याचा, जसे पालकसभा किंवा शिष्यवृत्ती परीक्षेचा दिवस. तिसरा कौतुकाचा, जसे क्रीडास्पर्धा वा स्नेहसंमेलन.

पहिले दोन संदेश पालकगटावर जातात. सशुल्क साधने मुख्यतः फेसबुक व इन्स्टाग्राम यांसारख्या उघड माध्यमांसाठी असतात. पालकगटावर संदेश टाकण्याची सोय त्यांत सहसा नसते. म्हणजे जेथे निकड अधिक, तेथेच हे साधन कामास येत नाही. उरला तिसरा प्रकार. फेसबुक व इन्स्टाग्राम यांवरील मजकुराची वेळ ठरविण्याची सोय मेटा कंपनी स्वतःच विनामूल्य देते, यूट्यूबवरही ती आहे.

२. हिशेब

समजा, साधनाची वर्गणी दरमहा ५०० रुपये आहे. वर्षाचे ६,००० रुपये झाले. समग्र शिक्षा योजनेत ३० पर्यंत पट असलेल्या शाळेस वर्षाचे संयुक्त अनुदान १०,००० रुपये ठरविलेले आहे. भोर व वेल्हे (आताचा राजगड) तालुक्यांच्या डोंगरी भागात अशा लहान शाळा आहेत. वीज, स्वच्छता, दुरुस्ती व शैक्षणिक साहित्य ह्याच रकमेतून भागवावयाचे असते. त्यांतील दर दहा रुपयांतले सहा रुपये एका वर्गणीत गेले, तर मुलांच्या वाट्यास काय उरले?

आता लाभ पाहावा. समजा, आठवड्यास तीन मजकूर जातात आणि प्रत्येकामागे पाच मिनिटे वाचतात. आठवड्यास पंधरा मिनिटे, म्हणजे महिन्यास सुमारे एक तास वाचला. एका तासासाठी ५०० रुपये हा सौदा शाळेस परवडणारा नव्हे. मात्र अनेक शाळांची पाने एकाच कार्यालयातून चालत असतील, तर हाच हिशेब उलट ठरू शकतो.

३. पटाची चिंता

खाजगी शाळांच्या गाड्या दारात येऊ लागल्या, की पट घटण्याची भीती वाटते व प्रसिद्धीकडे मन वळते. ही भीती निराधार नाही. परंतु मजकूर वेळेवर प्रसिद्ध करणारे साधन सांगण्याजोगे काम निर्माण करीत नाही. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यांनी पाठ्यपुस्तकांस जोडलेली क्यूआर कोडची खूण १९९४ सालीच जपानमध्ये तयार झाली होती व ती वापरण्यास मूल्य पडत नाही. मोल होते ते खुणेमागील पाठांचे.

४. सावधगिरी

काही साधने आरंभी विनामूल्य असतात आणि मुदत संपताच कार्डावरून रक्कम आपोआप वळती होते. शिक्षकाने स्वतःचे कार्ड जोडू नये. हूटसूटने आपली विनामूल्य योजना २०२३ साली बंद केली, हेही ध्यानी ठेवावे व छायाचित्रांची मूळ प्रत शाळेजवळ जपावी. पानाचा ताबा शाळेच्या नावे असावा, अन्यथा शिक्षकाची बदली होताच पान पोरके होते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. यास्तव मुलांची छायाचित्रे व नावे परक्या कंपनीच्या हाती देण्यापूर्वी पालकांस विचारावे.

५. स्वाध्याय

(अ) एक महिना वहीत नोंद ठेवावी : किती मजकूर गेले, कोणत्या माध्यमावर गेले, किती मिनिटे लागली.

(आ) महिनाअखेर दहा पालकांस विचारावे : शाळेची कोणती बातमी कोठून कळली?

(इ) वही शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवावी. शिक्षणहक्क कायदा, २००९ प्रमाणे तीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. खर्चाचा निर्णय त्यांच्या संमतीने व्हावा.

वहीतील आकडे वर्गणीच्या बाजूने बोलले, तर ती खुशाल भरावी. ते तसे बोलत नसतील, तर त्या पैशाने वर्गात गोष्टींची पुस्तके आणावीत. मुले ती घरी नेऊन मोठ्याने वाचतील, आणि शाळेचे वर्तमान घरोघर पोहोचेल.