स्पेनमधील पुष्पचित्रें व रेशमाचा माग

ज्या चित्रांत मनुष्याची आकृति नसून केवळ फुलें, फळें, भांडीं किंवा पक्षी मांडलेले असतात, त्यांस स्थिरवस्तुचित्रें म्हणतात. स्पेन देशांत या प्रकारास 'बोदेगोन' असें नांव आहे व तें सामान्य खाणावळीच्या नांवावरून पडलें आहे. राजे व संत यांच्या चित्रांपुढें फुलपात्राची काय मातब्बरी, असें समजून विद्वान् मंडळींनीं या चित्रांस पुष्कळ काळ खालच्या पंक्तीस बसविलें. एकोणिसाव्या शतकांतील स्पॅनिश पुष्पचित्रांच्या बाबतींत हा न्याय आम्हांस मान्य नाहीं. कारण त्यांचें शिक्षण मागाच्या शेजारीं झालेलें आहे.

भूमध्यसमुद्राच्या कांठीं वलेन्सिया शहर आहे. तेथील रेशमाच्या बाजाराची दगडी इमारत पंधराव्या शतकांत बांधावयास घेतलेली असून अद्याप उभी आहे. अठराव्या शतकांत येथें रेशमी कापड विपुल विणलें जाई. परंतु नव्या नक्षीसाठीं गिऱ्हाइकांचें लक्ष फ्रान्समधील लिओं शहराकडे असे. तेव्हां राजा तिसरा कार्लोस याच्या आज्ञेनें सन १७८४ मध्यें तेथील सान कार्लोस कलापीठांत विणकामास उपयोगी पडतील अशीं फुलें व नक्षी शिकविणारी शाळा स्थापन झाली. बेनितो एस्पिनोस (१७४८–१८१८) हा तिचा मुख्य होता.

विणकराला फूल कसें लागतें, हें समजल्यावांचून या शाळेचें महत्त्व कळणार नाहीं. नक्षी प्रथम चौकोनी आंखलेल्या कागदावर उतरावी लागते. कागदाची उभी ओळ ताण्याची व आडवी ओळ बाण्याची. जेथें चौकोन रंगविला असेल तेथें ताण्याचे धागे उचलावयाचे. जुन्या मागावर हें काम दोऱ्या ओढणारा पोऱ्या करी; एकोणिसाव्या शतकांत फ्रेंच कारागीर जाकार याच्या मागावर तें भोंकें पाडलेल्या पुठ्ठ्यांनीं होऊं लागलें. गुलाबाच्या पाकळीची कड ज्याला नीट दिसली नाहीं, त्याचा गुलाब कापडावर केवळ तांबडा डाग होऊन बसे. ज्या प्रभूनें शिष्यांस रानांतील फुलें लक्षपूर्वक पाहावयास सांगितलें, त्याच्या शाळेंतलाच हा पाठ नव्हे काय?

पुढें एक चमत्कारिक गोष्ट घडली. शिकलेल्यांपैकीं कित्येक जण मागाकडे न वळतां सोनेरी चौकटींतील चित्रें काढूं लागले. होसे आन्तोनियो सापाता (१७६२–१८३७) व मिगेल पार्रा (१७८०–१८४६) हे पुष्पचित्रांबद्दल विख्यात झाले. आम्हांस यांत शाळेचा पराभव दिसत नाहीं. पण विणकरांस तो दिसला असेल, तर त्यांसही दोष देतां येणार नाहीं. १८५० नंतर रेशमाच्या किड्यांवर रोग पसरून वलेन्सियाचा धंदा खालावला. एस्पिनोसचीं फुलपात्रें मात्र माद्रिदच्या प्रादो संग्रहालयांत सुरक्षित आहेत.

पक्ष्यांचें काय? गोयानें १८०८ ते १८१२ च्या सुमारास, नेपोलियनच्या युद्धाच्या धामधुमींत, मेलेल्या कोंबड्यांचा ढीग रंगविला. त्यांत शोभेचा लवलेशही नाहीं. शोभेचे पक्षी पाहावयाचे तर शालीवर पाहावे. चीनमधील कँटन येथें भरतकाम केलेल्या रेशमी शाली मनिलामार्गें स्पेनला येत, म्हणून त्यांस मनिलाच्या शाली म्हणत. पुढें स्पॅनिश स्त्रिया स्वतःच त्यांवर गुलाब व पक्षी भरूं लागल्या.

स्त्रियांचा उल्लेख आला तेव्हां पालकांस एक गोष्ट सांगितली पाहिजे. जिवंत नमुन्यावरून मनुष्याकृति काढण्याचें शिक्षण त्या काळीं मुलींस बहुधा मिळत नसे. 'फुलें काढा' एवढेंच त्यांस सांगण्यांत येई. तरी मारिया लुईसा दे ला रीवा (१८५९–१९२६) हिनें पॅरिसला राहून तेंच काम एवढ्या योग्यतेस नेलें कीं तिचीं चित्रें आज प्रादोच्या संग्रहीं आहेत. दुसरी, फेर्नान्दा फ्रान्सेस (१८६२–१९३९), हीही पुष्पचित्रांबद्दल नांवाजली. ती एका चित्रकाराची कन्या, आणि तिचा जन्म त्याच वलेन्सिया शहरीं झाला.