आच ओळखा, मग शब्द पाठ करा

जहाजावरच्या स्वयंपाकघराला गॅली म्हणतात आणि गॅलीतला हुकूम इंग्रजीत येतो. शेफ फिलिपिन्सचा असो, इटलीचा असो की आपल्या गोव्याचा, हातात पडणारं रेसिपी कार्ड इंग्रजीच असतं. अशा गॅलीत मी उमेदीची वर्षं काढली. आता रत्नागिरीत, जहाजावर जाऊ पाहणाऱ्या मुलामुलींना शिकवतो. हाताला चव असलेली माणसं केवळ शब्दांपायी मागे पडताना मी पाहिली आहेत. हे टाळता येतं, म्हणून लिहायला बसलो.

आमच्या गॅलीत मालवणकडचा एक मुलगा नवीन आला होता. मासा साफ करावा तर त्यानेच. काट्याला मांस म्हणून राहायचं नाही. एका संध्याकाळी त्याच्या हाती सॅमनचं कार्ड आलं. त्यावर 'ब्रॉइल' लिहिलं होतं. हा शब्द त्याने कधी ऐकलाच नव्हता. त्याला तो 'बॉइल' वाटला. त्याने पाणी खळखळून उकळलं आणि सॅमनचे तुकडे त्यात सोडले. पाण्यावर पांढरा फेस जमला, तुकड्यांच्या पाकळ्या सुटल्या, ट्रेभर मासा फेकावा लागला. त्याच रात्री त्याला भांडी घासायच्या विभागात पाठवलं आणि करार संपल्यावर पुन्हा बोलावणं आलं नाही.

जाण्याआधी त्याने मला आपली वही दाखवली. एका खासगी क्लासने ती लिहून घेतली होती. बॉइल म्हणजे उकळणे, सिमर म्हणजे उकळणे, पोच म्हणजे पाण्यात शिजवणे. रोस्ट, बेक, ग्रिल, टोस्ट, चौघांपुढे एकच शब्द, भाजणे. त्याने ती वही प्रामाणिकपणे पाठ केली होती. दोष त्याचा नव्हता, शिकवण्याचा होता. म्हणून माझं पहिलं सांगणं हेच की इंग्रजी शब्दासमोर नुसता मराठी शब्द लिहू नका. आच कुठून येते, पाणी किंवा तेल किती, झाकण आहे की नाही आणि पदार्थ झाला हे कशावरून ओळखायचं, एवढं त्यापुढे लिहा.

भाजण्यापासून सुरुवात करा. आपण भाकरी भाजतो, वांगं भाजतो, शेंगदाणे भाजतो, रवाही भाजतो. हाताला प्रत्येकातला फरक ठाऊक असतो, म्हणून आपलं अडत नाही. इंग्रजीत बंद ओव्हनच्या कोरड्या हवेत होतं ते बेक किंवा रोस्ट. पाव आणि केक बेक होतात, मांस आणि भाज्यांसाठी बहुधा रोस्ट म्हणतात. कढईत तेलाशिवाय शेंगदाणे भाजणं म्हणजे ड्राय रोस्ट. भरताचं वांगं जाळावर साल काळी होईतो धरतो, ते 'चार' (char) करणं. आणि वरून येणाऱ्या कडक आचेखाली पदार्थ ठेवणं म्हणजे अमेरिकेतलं ब्रॉइल. त्यालाच ब्रिटनमध्ये ग्रिल म्हणतात, तर अमेरिकन माणसाच्या ग्रिलमध्ये आच खालून असते. कार्ड कोणत्या देशाचं आहे हे आधी विचारा.

पाण्यातले शब्द बुडबुड्यांवरून शिका. पोच म्हणजे साधारण ७० ते ८० अंश सेल्सिअस. बुडबुडे भांड्याच्या तळाशी धरलेले दिसतात, वर येत नाहीत. सिमर म्हणजे ८५ ते ९५. बारीक बुडबुडे एकामागून एक वर येतात. बॉइल म्हणजे १००. सगळं पाणी उसळतं, आपण आधण आलं म्हणतो तसं. फोडलेलं अंडं उसळत्या पाण्यात सोडलं तर पांढऱ्याच्या चिंध्या होतात, म्हणून ते पोच करायचं. चिवट मांस मऊ व्हायला मात्र तासन्‌तास सिमर लागतं.

सिमर आणि बॉइलमधली गल्लत अंगाशी येऊ शकते, म्हणून परदेशात घर मांडणाऱ्यांनीही हे वाचावं. राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी प्रथिन असतं. राजमा निदान ५ तास भिजवावा, ते पाणी टाकून द्यावं आणि ताज्या पाण्यात तो ३० मिनिटं उकळावा, असं अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचं सांगणं आहे. ८० अंशांच्या आसपास रेंगाळत शिजला तर विषाचा जोर उलट वाढू शकतो. घरी कुकरच्या शिट्ट्या हे काम चोख करतात. पण तिकडच्या 'स्लो कुकर'ला शिट्टी नसते, दाबही नसतो. नावात कुकर आहे म्हणून कच्चा राजमा त्यात टाकू नका. आधी गॅसवर खळखळून उकळून घ्या. चार-पाच कच्चे दाणेही उलट्या सुरू व्हायला पुरतात.

तेलातल्या शब्दांत आपला हात तरबेज असतो आणि नेमका तिथेच तो घाई करतो. 'स्वेट द अनियन्स' म्हटलं की कांदा मंद आचेवर मऊ करायचा, रंग अजिबात येऊ द्यायचा नाही. आपण सवयीने तो लालसर परततो आणि पांढऱ्या सूपचा रंग बिघडतो. सोटे म्हणजे थोड्या तेलात, मोठ्या आचेवर, भांड्यात गर्दी न करता भराभर परतणं. डीप फ्राय म्हणजे आपलं तळणं, तेल १७० ते १९० अंशांवर.

ओळखीचा शब्द दुसऱ्या विभागात परका होतो, याचंही भान ठेवा. भारतीय इंग्रजीत टेम्परिंग म्हणजे फोडणी. पेस्ट्रीच्या टेबलावर टेम्परिंग म्हणजे डार्क चॉकलेट ४५ ते ५० अंशांवर वितळवणं, सुमारे २७ पर्यंत थंड करणं आणि परत ३१-३२ वर आणणं. तेव्हाच ते चकाकतं आणि मोडताना कटकन आवाज येतो.

आकड्याशेजारचं अक्षरही वाचा. ३५० फॅरनहाइट म्हणजे सुमारे १७५ सेल्सिअस. चिकनसाठी अमेरिकन नियम १६५ फॅरनहाइटचा, म्हणजे ७४ सेल्सिअसचा. थर्मामीटर सर्वांत जाड भागात खुपसून, हाडाला न टेकवता बघायचा.

शब्द कानानेही शिका. हॉटेलच्या किचनची घडी बसवणाऱ्यांत ऑग्युस्त एस्कोफिए हा फ्रेंच शेफ मोठा. त्याचा पाकग्रंथ १९०३ साली आला. किचनमधले बरेच शब्द फ्रेंचमधून आले आहेत, त्यामुळे स्पेलिंग आणि उच्चार जुळतीलच असं नाही. ब्रिटिश आणि अमेरिकन शेफचे व्हिडिओ मोठ्याने लावा आणि त्यांच्यामागून शब्द म्हणा.

सर्वांत उपयोगी सराव घरच्या गॅसपाशी होतो. माझ्या विद्यार्थ्यांना मी कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' उघडायला लावतो आणि त्यातली येणारी पाककृती करता करता इंग्रजीत सांगायला लावतो. भरल्या वांग्यात तेल सुटेपर्यंत मसाला परतणं इंग्रजीत सांगायला लागलं की कुठला शब्द आपल्याकडे नाही ते लगेच कळतं. त्याच दिवशी तो वहीत उतरवा, आच आणि खुणेसकट.

इतकं करूनही कामावर एखादा अनोळखी शब्द येणारच. तेव्हा गॅस पेटवण्याआधी कार्ड घेऊन शेफकडे जा आणि स्पष्ट विचारा: आच वरून की खालून, किती अंश, किती मिनिटं? ऐकलेलं त्याच्यासमोर परत बोलून दाखवा. चांगल्या शेफला असा प्रश्न आवडतो, कारण त्यातून त्याला समजतं की समोरचा माणूस स्वयंपाक जाणतो. मालवणच्या त्या मुलाला असं विचारायला कोणी शिकवलं नव्हतं. तुम्ही ते शिकूनच बोटीवर चढा.