विमान दुरुस्तीची मान्यता

निफाड तालुक्यात ओझर गाव आहे. तेथे १९६४ साली विमानांचा सरकारी कारखाना आला. मिग-२१ ही लढाऊ विमाने तेथे बनली. पुढे सुखोई विमानेही बनली.

जवळच्या वस्तीवरचा एक मुलगा विमान दुरुस्तीचे काम शिकला. एके दिवशी तो वडिलांना म्हणाला,

"तात्या, लहानसा कारखाना काढावा म्हणतो. विमानाचे सुटे भाग दुरुस्त करीन."

"काढ की! आपला पंपवाला मिस्त्री झाडाखाली बसून इंजिन नीट करतो. त्याला कुठं कागद लागतो?"

"पंप बंद पडला तर पाणी थांबतं, तात्या. विमान वर असताना बिघडलं तर माणसं कुठं उतरणार?"

तात्या गप्प झाले. मग मुलाने सारे समजावून सांगितले.

प्रवासी विमानांच्या दुरुस्तीला मान्यता लागते. ती नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देते. हे केंद्र सरकारचे खाते आहे. त्याच्याकडे अर्ज करावा लागतो. काम कसे चालेल, कोण कशाला जबाबदार, हे सांगणारी पुस्तिका लिहावी लागते. जागा योग्य लागते. माणसे शिकलेली लागतात. मोजण्याची हत्यारे वेळोवेळी तपासून घ्यावी लागतात. लासलगावच्या बाजारात वजनकाट्यावर शिक्का पाहतो, तसेच हे. मग अधिकारी येऊन पाहतात. उणीव दिसली तर ती आधी दूर करावी लागते. मान्यता मिळाली तरी तीत लिहिलेले तेवढेच काम करता येते.

२०२३ साली ओझरच्या कारखान्याने एअरबस कंपनीशी करार केला. प्रवासी विमानांची दुरुस्ती नाशिकला करण्यासाठी तो करार होता. एवढा मोठा कारखाना, पण त्यालाही या कामासाठी मान्यता घ्यावी लागते. मोठ्याला एक नियम आणि लहानाला दुसरा, असे नाही.

"आणि मान्यता येईपर्यंत कमाई?"

"काही नाही. खर्च मात्र चालू."

"मग जमीन गहाण टाकून घाई करू नकोस. आधी मान्यता असलेल्या कारखान्यात काम कर. रीत शीक, चार पैसे साठव."

मुलाला ते पटले. तो म्हणाला, "केलेलं प्रत्येक काम तिथं लिहून ठेवतात. शेवटी अधिकार असलेला माणूस सही करतो. त्याशिवाय तो भाग विमानाला लावत नाहीत."

तात्या नुकतेच सही शिकले होते. ते म्हणाले, "म्हणजे सही ही नुसती रेघोटी नव्हे. तो दिलेला शब्द आहे."

विचार करा : न वाचता तुम्ही कोठे सही केली आहे काय?