पॉवर टिलरची 'एअर' कशी काढाल?

थर्मोच्या पेपरला डिझेल सायकलची आकृती काढून आपण सगळेच मार्क मिळवतो. पण घरचं इंजिन बंद पडलं आणि काका म्हणाले, "काहून बे, इंजिनिअरिंगला आहेस ना?" की कळतं, त्या आकृतीत टाकी नसते, फिल्टर नसतो, नोझलही नसतं!

जुलैत मी कामठ्याला घरी होतो. धानाची रोवणी सुरू होती. पऱ्हे पंचवीस दिवसांचे झालेले, बांधीत पाणी भरलेलं, आणि चिखलणी करता करता काकांचा पॉवर टिलर बंद पडला. पऱ्हे फार जून झाले तर फुटवे कमी येतात. त्यात रोवणीच्या बाया दुसऱ्या दिवशीसाठी सांगून ठेवलेल्या. मिस्त्री फोनवर म्हणाला, "पंप गेला असंल, घेऊन या गोंदियाला." गुडघाभर चिखलातून?

मित्रांनो, पंपाला हात लावायच्या आधी हॅण्डल मारून सायलेन्सरकडे बघा. पांढरा धूर आला तर डिझेल आत जातंय, पण पेटत नाही. धूरच नाही तर डिझेल पोचतच नाही. आमच्याकडे धूर नव्हता. याचं नेहमीचं कारण म्हणजे लाईनमध्ये हवा शिरणे, म्हणजेच इंजिनने 'एअर घेणे'.

थोडीशी हवा एवढं इंजिन का अडवते? नोझल उघडायला वातावरणाच्या शंभर पटीहून जास्त दाब लागतो. डिझेलचा बल्क मॉड्युलस साधारण १.५ गिगापास्कल, तर साध्या हवेचा ०.१ मेगापास्कल. म्हणजे हवा पंधरा हजार पट मऊ! पंपाचा प्लंजर हवेलाच दाबत बसतो, आणि दाब नोझलपर्यंत जातच नाही. फ्लुइड मेकॅनिक्सच्या तासाला हे सांगितलं असतं तर मी झोपलो नसतो.

आता एअर काढण्याची रीत. गिअर न्यूट्रल, रोटरी बंद. टाकीत भरपूर डिझेल हवं आणि कॉक उघडा. फिल्टरवरचा एअर स्क्रू दोन आटे सैल करा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग अखंड धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळा. थांबून आवळला तर हवा परत आत. मग पंपावरच्या स्क्रूचंही तसंच. शेवटी नोझलकडच्या पाईपचा नट किंचित सैल करा, अॅक्सिलरेटर उघडा, डिकॉम्प्रेशन लिव्हर धरून हॅण्डल फिरवा. डिझेल उसळू लागलं की नट आवळा. आता हॅण्डल फिरवताना नोझलचा किरकिर आवाज आला पाहिजे. तो आला की काम झालं.

दोन गोष्टी जपा. हॅण्डल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, उलटा झटका बसला तर मनगट मोडतं. आणि नोझलच्या फवाऱ्यासमोर हात कधीच नको. ते डिझेल कातडीत घुसतं. जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच दवाखाना गाठायचा.

आमचा टिलर सुरू झाला. मी कॉलर ताठ केली... आणि वीस मिनिटांत तो पुन्हा बंद!

डिझेल संपलं का बघायला काकांनी टाकीचं झाकण फिरवलं, तर फुस्स असा आवाज. झाकणाच्या बारीक भोकात वाळलेला चिखल बसला होता. डिझेल खाली जाई, पण त्याच्या जागी हवा आत येईना, म्हणून टाकीत निर्वात तयार व्हायचा. डिझेलची धार तुटायची आणि सैल जोडांतून हवा ओढली जायची. पंप ठणठणीत होता. काकूच्या पदराची पिन घेतली, भोक मोकळं केलं, पुन्हा एअर काढली. फिल्टरजवळचा चपटा झालेला तांब्याचा वायसरही बदलला.

शेवटची बांधी टॉर्चच्या उजेडात झाली. सकाळी बाया आल्या तेव्हा चिखल बसलेला होता. पिन मात्र काकूला अजून परत दिलेली नाही. ती टिलरच्या पान्यांच्या डब्यातच आहे.