दहा बोल्ट आणि 'आर'

प्रोजेक्टसाठी दहा बोल्ट ठरलेल्या भाराखाली ताणून पाहिले, एकही तुटला नाही. आता रिपोर्टमध्ये बिघाडाचं प्रमाण काय लिहायचं? साधा भागाकार सांगतो, शून्य. पण तेवढ्या भरवशावर त्याच बोल्टांनी जोडलेल्या जत्रेतल्या पाळण्यात बसाल का? मी तरी नाही बसणार! थोड्या नमुन्यांवरून किती खात्री बाळगावी, हे बेझची पद्धत सांगते. थॉमस बेझ यांचा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर १७६३ साली वाचला गेला. आज ते गणित हॉस्टेलच्या खोलीत 'आर'मध्ये करता येतं. मी माझ्या लॅपटॉपवर ज्या क्रमाने सगळं बसवलं, तो क्रम असा :

१) आर : ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी सुरू केलेली ही भाषा फुकट आहे, क्रॅक शोधत बसायला नको. 'क्रॅन'वरून उतरवा. सोबत आरस्टुडिओ घेतलं तर काम सोपं होतं.

२) कंपायलर : खरी मेख इथे आहे. 'स्टॅन' हे बेझचं इंजिन तुमचं मॉडेल आधी सी प्लस प्लसमध्ये बदलतं आणि मग कंपाइल करतं. विंडोजवर त्यासाठी 'आरटूल्स' लागतं, आणि तेही तुमच्या आरच्या आवृत्तीशी जुळणारंच. लिनक्सवर जी प्लस प्लस आणि मेक पुरे. कामाच्या फोल्डरच्या नावात मोकळी जागा किंवा देवनागरी अक्षरं ठेवू नका.

३) पॅकेज : 'आरस्टॅन' बसवा. नंतर 'बीआरएमएस' घेतलंत तर रिग्रेशनचं मॉडेल एका ओळीत लिहिता येतं. स्टॅन एरवी चार साखळ्या चालवतं. चार कोअर असतील तर 'एमसी डॉट कोअर्स' ४ करा, वेळ वाचेल.

४) तपासणी : उत्तर आधीच माहीत असलेलं गणित पहिल्यांदा चालवा. आपले बोल्टच घ्या. चाचणीआधी ० ते १ मधलं प्रत्येक प्रमाण सारखंच शक्य मानलं (हा झाला 'प्रायर'), तर चाचणीनंतर १ आणि ११ या मापांचं बीटा वितरण मिळतं. सरासरी १/१२, म्हणजे ८.३ टक्के. वरची ९५ टक्क्यांची मर्यादा 'क्यूबीटा' फंक्शन एका ओळीत देतं : जवळजवळ २४ टक्के. स्टॅनचं उत्तर याच्या अगदी जवळ आलं आणि 'आर-हॅट' १.०१च्या खाली असेल, तर समजा गाडी रुळावर आहे.

म्हणून रिपोर्टमध्ये 'शून्य' नको. 'बिघाडाचं प्रमाण ९५ टक्के शक्यतेने २४ टक्क्यांच्या आत' असं लिहा. प्रायर कोणता घेतला आणि आर व पॅकेजच्या आवृत्त्या कोणत्या, हेही नोंदवा. आणखी ४० बोल्ट तपासले आणि तेही टिकले, तर हीच मर्यादा सुमारे ६ टक्क्यांवर येते. व्हायवात 'दहाच का तपासले?' असं सरांनी विचारायच्या आत हा हिशोब आपण केलेला बरा!